आबांचं दुसरं बारसं

लोणावळ्यात शनिवार-रविवारी माणसांना दयेचा उमाळा फार येतो. मुंबईच्या गाड्या येतात, पॉइंट बघून होतात, चिक्की घेऊन होते, आणि परत निघायच्या आधी कुणाच्या तरी अंगात पुण्य संचारतं. मग ही मंडळी आमच्या निवाऱ्याच्या फाटकाशी गाडी थांबवतात, काच अर्धी खाली करतात आणि विचारतात, "इथे गरीब आहेत ना?" इतकी वर्षं मी "हो, आत आहेत, या" म्हणत आले. एकदा मात्र तोंडून निघून गेलं, "आत आहेत, आणि आत्ताच गाडीतूनही आले." बाईंनी छान हसून आदल्या दिवशीची बिर्याणी माझ्या हातात दिली.

निवारा ख्रिस्ती लोकांचा आहे. रुळांच्या पलीकडे पत्र्याच्या दोन लांब खोल्या, मध्ये जेवणाचा हॉल, मागे फणसाचं झाड. इथल्या लहानशा चर्चची माणसं तो चालवतात. ज्यांना कुणी नाही, किंवा असून नसल्यासारखं आहे, अशी म्हातारी माणसं तिथे राहतात. दुपारी मात्र स्टेशनावरचा हमाल असो की नाक्यावर काम न मिळालेला मजूर, येईल त्याला वरणभात मिळतो. मी तिथली वॉर्डन. मी ख्रिस्ती नाही. माहेर परंदवडीचं, घर बौद्धांचं, आधी तळेगावच्या एका दवाखान्यात नर्स होते. आमच्या घरात ना क्रूस, ना पिंड, ना कावळा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे या सगळ्यात मला यथेच्छ नाक खुपसावं लागलं.

चर्चची माणसं भेटली की एकमेकांना "सलाम" म्हणतात. जुनी रीत आहे त्यांची. त्यामुळे आसपासच्या निम्म्या लोकांना वाटतं की हे मुसलमानांचं आहे, आणि उरलेल्यांना वाटतं की इथे वरणातून धर्म चारतात. दुपारी दोघंही ताट घेऊन रांगेत असतात.

आबा आले ते दिवाळी होऊन गेल्यावर. स्टेशनाबाहेरच्या बाकावर तापानं फणफणत बसले होते, एका रिक्षावाल्यानं आणून सोडलं. अंगात निळा स्वेटर, पायात टायरच्या चपला. ताप उतरल्यावर मी गाव विचारलं. म्हणाले, "गावाला माझं नाव ठाऊक हाय, बाई. मला गावाचं न्हाई." घरी कोण आहे विचारलं, तर म्हणाले, "दोन पोरं हायेत. त्यास्नी घर हाय. मला न्हाई." पण भात वाढला की एक शीत बोटात चुरून बघणार आणि म्हणणार, "ह्यो काय इंद्रायणी न्हाई. तुमास्नी फशिवलंय दुकानदारानं." म्हणजे मावळातला भातवाला शेतकरी, हे कळायला काही पोलीस लागत नव्हता. गाव काही सांगेनात.

खरं कारण हळूहळू बाहेर आलं. जमिनीचा एक तुकडा रिसॉर्टवाल्याला गेला. पोरांनी जुनं घर पाडून दोन मजली बांधलं, खाली तोंड दिसेल अशी फरशी घातली. आता शेतातल्या माणसाच्या पायाला चिखल नाही लागणार तर काय अत्तर लागणार? पण सुनांनी नाकं मुरडली, आणि थोरला म्हणाला, आबा, टाइल खराब होतीय, तुमची खाट तात्पुरती जिन्याखाली टाकू. जिन्याखाली पाण्याची मोटर, दोन मोटारसायकली आणि बाप. त्या तात्पुरत्यात अख्खा पावसाळा गेला. दिवाळीत घरावर दिव्यांच्या माळा सोडल्या, तेव्हा वायर ओढायला खाट आड येते म्हणून ती आणखी बाहेर ढकलली. त्या दिवशी आबा उठले आणि चालू लागले.

"मग आता परत जायचंच नाही का?" मी विचारलं.

"जायाचं की. माझी खाट माजघरात टाकली की जातो. पर बोलावणं आलं पायजे. सोताच्या घरात भीक मागून जायाचं व्हय?"

बस्स. म्हाताऱ्याची मागणी एवढीच. चार पाय आणि नवारीची पट्टी, ती उंबऱ्याच्या आत. फाटकाशी मोटारसायकल थांबली की आबा हातातला घास थांबवून बघायचे. दूधवाला असायचा, गॅसवाला असायचा. मला त्यांच्या पोरांचा इतका संताप यायचा की समोर असती तर दोन थोबाडीत ठेवून दिल्या असत्या.

उन्हाळा लागला आणि आमच्याकडे कुत्र्याचा वाढदिवस आला. हो, कुत्र्याचाच. वाढदिवस साजरे करायला लोक आमच्याकडे येतात हे मी सोसलं होतं. म्हाताऱ्यांच्या डोक्याला कागदी टोप्या घालतात, ज्यांना साखर वर्ज्य आहे त्यांच्या तोंडात केक कोंबतात, व्हिडिओ काढतात आणि एकमेकांना सांगतात की आज फार समाधान वाटलं. पण या वेळी बंगल्यावरून आलेल्या जोडप्यानं गळ्यात बो बांधलेला लठ्ठ लॅब्राडोर आणला होता. आमची माणसं रांगेत बसून टाळ्या वाजवत त्याला हॅपी बर्थडे म्हणत होती. आबा सगळ्यात पुढे, टोपी तिरकी, कुत्रा त्यांच्या मांडीवर तोंड ठेवून बसलेला.

आबांनी त्या बाईंना विचारलं, "ह्यो रातचा झोपतो कुटं?"

"आमच्या बेडरूममध्ये, काका! एसी लागतो त्याला."

"आतच?" आबा म्हणाले, आणि कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "बरं हाय बाबा तुझं."

बाई म्हणाल्या, हाऊ स्वीट. तो व्हिडिओ त्यांनी सगळ्या जगाला दाखवला.

जगात आबांचं गाव वडिवळं पण येतं. पुढच्याच आठवड्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली, आणि या वेळी ती खरंच आबांच्या पोरांची होती. दोघं हॉलच्या दारात येऊन खिळल्यासारखे उभे राहिले. आबा पालेभाजी निवडत होते. धाकट्यानं सगळ्यात आधी कुठे बघितलं असेल? बापाच्या पायांकडे. पाय उलटे आहेत की सुलटे, ते बघत होता! सुलटे आहेत अशी खात्री पटल्यावर मग त्याला रडू फुटलं.

कारण घरी आबा मेले होते. झालं होतं असं, की थंडीत कामशेतच्या पुढे रुळांवर एक म्हातारा सापडला होता, चेहरा ओळखू न येण्यासारखा. अंगात निळा स्वेटर. पोरांनी बघितलं आणि सांगून टाकलं, आमचाच बाप. अरे शहाण्यांनो, तो स्वेटर तळेगावकडच्या कुठल्याशा कंपनीनं वाटला होता. सोमाटण्यापासून वडिवळ्यापर्यंत निम्मे म्हातारे तोच घालून हिंडतात. आमच्या निवाऱ्यातच तसे चार-पाच असतील. यांना बापाचे हात ओळखू आले नाहीत, पाय ओळखू आले नाहीत. स्वेटर तेवढा ओळखू आला. मग अग्नी, दहावा, तेरावा, सगळं झालं. गोडजेवण घातलं. भिंतीवर हार घातलेला फोटो लागला.

आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "कावळा शिवला का?"

दहाव्याला नदीवर पिंड ठेवतात आणि कावळ्याची वाट बघतात, हे मला ऐकून माहीत होतं. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही. मग घरचे एकेक करून मोठ्यांदा वचन देतात, तुमचं अमुक करू, तमुक करू, तेव्हा कुठे तो येतो.

"लगीच शिवला," थोरला म्हणाला.

"दादा, खोटं कशाला?" धाकटा म्हणाला. "न्हाई शिवला, आबा. लय येळ बसलो. आईचा देव्हारा नीट ठिवू म्हटलं, बैल इकणार न्हाई म्हटलं, देवळाला घंटा देऊ म्हटलं. शेवटी पाव्हण्यांना भूक लागली. मग दर्भाचा कावळा करून शिववला."

"खाटंचं बोलला व्हता का?"

थोरल्यानं खिशातला मोबाइल काढून बघितला.

"तसं बी त्यो कावळा शिवायचा कसा?" आबा भाजीच्या काड्या बाजूला करत म्हणाले. "माणूसच दुसरा. त्याला माझ्या बैलाचं काय? त्याची इच्छा त्याला इचारायला कुणी व्हतं का?"

मला तो रुळांवरचा म्हातारा एकदम डोळ्यांसमोर आला. आयुष्यभर बेवारस, आणि मेल्यावर दोन मुलं, गोडजेवण, हार. आणि ही दोन मुलं ज्याची खरोखरची, तो आमच्याकडे भाजी निवडतोय. डोकं फिरायची वेळ आली माझी.

चर्चचे पाळकसाहेब भले गृहस्थ आहेत, पण त्यांना प्रत्येक गोष्टीत प्रवचन दिसतं. ते धावत आले, आबांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "बाई, केवढी साक्ष आहे ही! मेलेला माणूस उठला!"

"साहेब, उठले कुठे?" मी म्हटलं. "मघापासून इथेच बसलेत."

मला वाटलं, आता पोरं बापाला मागच्या सीटवर बसवून घेऊन जातील. आबांनी तर निवडलेली भाजी माझ्याकडे देऊन चपला शोधायला सुरुवातही केली होती. पण थोरला घुटमळला. म्हणाला, तसं नेता येत न्हाई. गुरुजींना फोनवर इचारलंय. ज्याची क्रिया झाली तो माणूस तसाच घरात घेतला तर घराला लागतं. त्याचा नवा जन्म व्हायला पायजे. पयलं बारसं करायला लागंल.

"कुणाचं?"

"आबांचं. नवं नाव ठिवायचं. मग घरात."

मी कपाळाला हात लावला. अर्ध्या तासापूर्वीच धाकट्यानं मला कोपऱ्यात गाठून दबक्या आवाजात विचारलं होतं, "हितं त्यांचं नाव-बिव न्हाई ना बदाललं?" आणि आता हेच दीडशहाणे सत्तरी ओलांडलेल्या बापाला पाळण्यात घालून त्याचं नाव बदलणार होते. वर लाज नाही ती नाहीच, बारसं घराबाहेरच व्हायला हवं म्हणून ते आमच्याच आवारात करायचं ठरलं. पाळकसाहेब पार गोरेमोरे झाले. शेवटी म्हणाले, "हॉलमध्ये नको. फणसाखाली करा."

रविवारी दुपारी सगळा लवाजमा आला. गुरुजी, सुना, भावकी, घुगऱ्यांचं पातेलं आणि नातवाचा प्लॅस्टिकचा पाळणा. गुलाबी. हलवला की त्यातून इंग्रजी गाणं वाजायचं. आबा एवढ्याशा पाळण्यात मावणार कसे? गुरुजींनी तोडगा काढला, यजमानांनी पाळण्यात हात ठेवला तरी चालतं. शास्त्रात सगळी सोय असते, फक्त जिन्याखालून खाट आत घ्यायची नसते. आबा पाटावर बसले आणि एक हात पाळण्यात घातला. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांनी पाळणा म्हटला. सगळ्यांना पाठ होता. ज्यांच्यासाठी कधी काळी म्हटला होता, त्यातलं एकही पोर त्यांना भेटायला येत नाही.

मग प्रश्न आला आत्याचा. बारशाला आत्या लागते, बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायला. आबांना बहीण नाही. थोरल्यानं इकडेतिकडे बघितलं आणि माझ्याकडे आला. "मावशी, तुमीच व्हा की आत्या. तुमी त्यांचं एवढं केलंय." मी हो म्हणणार तेवढ्यात त्यानं हळूच विचारलं, "आडनाव काय तुमचं?" मी सांगितलं. तो खाकरला. गुरुजींकडे बघितलं, गुरुजींनी आभाळाकडे बघितलं. "असू दे, असू दे," थोरला म्हणाला, "आता काय, चालतं समदं." गरज लागली की मन किती मोठं होतं माणसाचं!

एक क्षण वाटलं, घाला तुमचं बारसं चुलीत. पण आबा माझ्याकडे बघत होते. धुतलेलं धोतर, नवी टोपी, आणि सकाळपासून पोटात काही नाही, कारण जेवायचं ते घरी जाऊनच, असं ठरवलेलं. मी पुढे झाले.

मला नवं नाव सांगून ठेवलं होतं. मी आबांच्या कानाशी तोंड नेलं, "कुर्रर्र" केलं, सुनांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले, आणि त्या गोंधळात मी आबांच्या कानात म्हटलं, "आबा, खाट कुठं टाकणार ते आत्ता विचारा. सगळ्यांसमोर."

"काय नाव ठेवलं, काय नाव ठेवलं?" भावकीतल्या बायका विचारायला लागल्या.

आबांनी पाळण्यातून हात काढला. "माझी खाट कुटं टाकनार?" त्यांनी मोठ्यांदा विचारलं.

घुगऱ्या खाणारी तोंडं थांबली. भावकी थोरल्याकडे बघायला लागली. त्याला घाम फुटला. "आत, आबा. आतच की. माजघरात."

"शपत?"

"तुमची शपत, आबा."

ज्याला जाळून मोकळे झाले, त्याचीच शपथ. पण आबांना पुरली. त्यांचं तोंड असं काही उजळलं की मला माझा सगळा तिरसटपणा क्षणभर गिळावा लागला. ते मोटारसायकलवर बसले, धाकट्याला घट्ट धरलं आणि फाटकातून जाताना मागे वळून ओरडले, "सलाम, आत्याबाई!" भावकी चपापली. मी घळाघळा रडले, खोटं कशाला सांगू. त्यांच्या खाटेवरची चादर धुवायला टाकली आणि आनंदानं टाकली.

लावणीच्या दिवसांत एके दुपारी फाटकाशी शेअर जीप थांबली. आबा उतरले. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी होतं. मी आधी ताट वाढलं. आबांनी भाताचं शीत बोटात चुरलं आणि म्हणाले, "ह्यो बी इंद्रायणी न्हाई."

जेवण झाल्यावर बोलले. "ठिवलं व्हतं आत. पयले काय दिस. मेलेला माणूस परत आला म्हनून पाव्हणं बघाया येत व्हते ना. पाव्हणं थांबले आन खाट भाईर."

"जिन्याखाली?"

"मोटरीपाशी. तीच जागा." मग त्यांनी टॉवेल सोडला. आत त्यांचाच फोटो होता, मोठा, काचेचा, चंदनाचा हार घातलेला. "ह्यो व्हता आत. माजघरात. रोज ह्याच्याम्होरं उदबत्ती, ह्याच्यावर बारका दिवा. मी म्हटलं, आरं, मी जित्ता हाय, ह्याला तरी काढा. तर म्हणले, खिळा उपटला तर टाइल तडकंल. लय इचार केला मी. ह्यो आत आन मी भाईर. असं दोन ठिकाणी ऱ्हायाचं म्हंजी काय? म्हनून सकाळी समदी रानात गेल्यावर उपटला."

"मग टाइल?"

"तडकली," आबा म्हणाले. त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले.

फोटो त्यांनी आपल्या खाटेच्या वर लावला. हार आणि फोटो या गोष्टी आपल्यात बसत नाहीत, असं पाळकसाहेब एकदा मला म्हणाले. मी म्हटलं, साहेब, मेलेला उठला हे प्रवचनात सांगितलंत ना तुम्ही, मग त्याला राहायला भिंत नको का? फोटो राहिला. पोरं आली नाहीत. टाइलचं सांगायलासुद्धा आली नाहीत, आणि त्याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण आबा अजूनही मोटारसायकल थांबली की बघतात.

गेल्या रविवारी पुन्हा एक वाढदिवसवाले आले. माणसाच्या मुलीचा होता, एवढं तरी बरं. मुलीची आई खोल्या बघत हिंडत होती. आबांच्या खाटेशी आली, वरचा हार घातलेला फोटो बघितला, चपला काढल्या आणि हात जोडले. खाली आबा ताट मांडीवर घेऊन जेवत होते. तिनं त्यांच्याकडे नीट बघितलंही नाही. आवाज हळवा करून तिनं विचारलं, "कधी गेले हो हे?"

आबांनी घास गिळला.

"घरी गेलतो तवा," ते म्हणाले, आणि माझ्याकडे ताट पुढे केलं, आणखी थोडा भात वाढायला.